चोपन्न नंबरची जर्सी

लॅव्हॉन प्रुइटचं नाव मी उसवलं
मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी.
सहा अक्षरं, नऊ वर्षं.
टाके निघाले, भोकं राहिली.
कापड सहजी विसरत नाही,
त्यासाठी वरच्या मजल्यावरचा पगार लागतो.

ईरी सरोवर अजून गोठलेलंच.
वर फळ्यासमोर ऑर्व्हिल टीबोडो, आमचे जनरल मॅनेजर,
नावांच्या चुंबकपट्ट्या सरकवत होते.
बचावफळीत मधोमध एक जागा रिकामी,
उजव्या कडेला दुसरी.
गेल्या हिवाळ्यात पाहुणे संघ तिथूनच शिरले,
लांबट चेंडू काखेत मारून,
चपलासुद्धा न काढता.

कॉफी घेऊन वर गेले की कानावर पडायचं :
बाजारातला तयार गडी घ्या, रविवारी उभा तरी राहील.
विकतचं दुखणं ते! एप्रिलपर्यंत थांबा, ड्राफ्टमध्ये पोर मिळेल.
म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी?
हातात आहे काय, ऑर्व्हिल?
मग कुणीच बोलायचं नाही.
आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं
हे शिवणारीला कधी विचारत नाहीत.

कीशॉन ओगलट्री आला. एकतीस वर्षांचा,
चौथं शहर, चौथी किल्ली.
मापासाठी खाली उतरला तेव्हा
जिन्याचा कठडा धरला होता त्याने, मी पाहिलं.
जाताना दाराशी थबकला :
"मॅडम, कच्चे टाके घाला."
मला वाटलं, गंमत.
संध्याकाळी डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्याचा फोटो
उजेडापुढे धरला.
सकाळी मी पुन्हा उसवत बसले.
कच्चे टाके एका ओढीत निघतात,
आवाजही होत नाही.

ड्राफ्टच्या रात्री मशीनला तेल घालून ठेवलं.
आमची पाळी बाविसावी.
ज्या पोरावर टीबोडोंचा वर्षभर डोळा,
ज्याच्यासाठी ते अकराशे मैल गाडी हाकून
पावसात शाळेच्या बाकावर बसून आले होते,
त्याला एकविसाव्याने उचललं.
डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग फोन : "वॉन्डा, लिहून घे."
आणि स्पेलिंग सांगताना साहेब दोनदा अडखळले.

माफिलेओकावेका.
तेरा इंग्रजी अक्षरं. युटाचा मुलगा, घर मूळचं टोंगाचं.
पट्टीत मावेना. अक्षरं बारीक केली,
तरी ती खांद्यावरून काखेकडे घसरत गेली,
उतारावरच्या शेळ्यांसारखी.

सोबत आई आली होती त्याची.
कॉलेजात त्याला नुसतं 'माफी' म्हणत,
पाठीवरही तेवढंच.
मी म्हटलं, तसंच ठेवू का, सोयीचं पडेल.
ती म्हणाली, "चेकवर पूर्ण येणार ना? मग इथेही पूर्ण."
जर्सी उलटी करून तिने आतून बोट फिरवलं.
"इथे आधी कोण होतं?"
प्रुइट, मी म्हटलं.
"कुठे आहे तो?"
दुसऱ्या गावी. एका वर्षाचा करार.
मुलगा मोज्यांच्या खोक्याकडे बघत राहिला.

सप्टेंबरात मी नेहमीसारखी बोगद्यात,
सुई ओठात, पाठ भिंतीला.
सामना मला दिसत नाही, लोकांच्या ओरडण्यावरून कळतो.
तिसऱ्या डावात त्याच जुन्या जागेतून कुणीतरी घुसलं,
आमचा पोरगा अर्धं पाऊल उशिरा पोचला
आणि नुसत्या बोटांनी त्याला धरून लोंबकळला,
चार यार्ड फरफटत.

धापा टाकत बोगद्यात आला,
गालाला गवत चिकटलेलं,
पाठीवर शेवटची तीन अक्षरं सुटून फडफडणारी.
गुडघे टेकून बसला, मला पोचावं म्हणून.
"पक्के घाला," म्हणाला.

माझ्या दातांत दोरा होता.
हो म्हणता आलं नाही.